सेलबर्नचा वृद्ध यू

मुलाकडे किंवा लेकीकडे उन्हाळा काढण्यासाठी इंग्लंडला जाणारे आजी-आजोबा आता आपल्याकडे घरोघरी आढळतात. पहिले काही दिवस नातवंडांच्या कौतुकात जातात. पुढच्या शनिवार-रविवारी लंडनचे राजवाडे, पूल आणि संग्रहालये पाहून होतात. त्या दगडी पायऱ्या आणि लांबलचक दालने संपेपर्यंत गुडघे बोलू लागतात आणि ‘तुम्ही जाऊन या, मी इथेच बसते’ हे वाक्य तोंडी येते. अशा वेळी कुठे जावे, असे आपण विचारलेत तर राजवाड्याऐवजी एका खेड्याचे नाव सुचवावेसे वाटते. तिथे पाहायचे आहे ते एका चर्चच्या आवारातील जुनी दफनभूमी आणि तिच्यातील एका महावृक्षाचे उरलेले खोड.

दफनभूमीचे नाव काढताच काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील. या वयात स्मशानाची सहल कशाला, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु इंग्लंडच्या खेड्यांत चर्चभोवतीचे अंगण म्हणजे गावाच्या मध्यभागी असलेली हिरवळ असते. तिथे मुले बागडतात, वाटसरू डबा उघडून बसतात, म्हातारी माणसे बाकावर ऊन खातात. थडगी त्यांच्या आजूबाजूला असतात, एवढेच. मृत्यूला गावाच्या वेशीबाहेर न ठेवता अंगणातच जागा देण्याची ही रीत आपल्या रीतीहून वेगळी आहे; पण तिच्यात विचार करण्याजोगे बरेच आहे.

टेकडीखालचे गाव

सेलबर्न हे गाव हॅम्पशर परगण्यात, लंडनच्या नैर्ऋत्येला सुमारे पन्नास मैलांवर आहे. जवळचे रेल्वेस्थानक ऑल्टन. तिथून गाव चार-पाच मैल. गावाच्या पाठीशी खडूच्या दगडाची उंच टेकडी उभी आहे. तिच्या उतारावर बीच वृक्षांचे दाट रान असून त्याला ‘हँगर’ म्हणतात. पायथ्याशी एकच मुख्य रस्ता, त्याच्या कडेला जुनी घरे, ‘प्लेस्टर’ नावाचे छोटे गावठाणी मैदान आणि त्यामागे बाराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेले सेंट मेरीचे चर्च.

या लहानशा गावाचे नाव जगभर झाले ते गिल्बर्ट व्हाइट या माणसामुळे. त्याचा जन्म १८ जुलै १७२० रोजी याच गावी झाला आणि २६ जून १७९३ रोजी त्याने याच गावी देह ठेवला. तो चर्चचा धर्मोपदेशक होता. लग्न केले नाही, मोठ्या पदाची हाव धरली नाही. आपल्या गावच्या परिसरातील पक्षी, किडे, झाडे, पाऊस आणि ऋतू यांच्याकडे तो वर्षानुवर्षे पाहत राहिला आणि पाहिलेले लिहून ठेवत राहिला. मित्रांना लिहिलेल्या पत्रांतून त्याचे ‘सेलबर्नचा निसर्गेतिहास’ हे पुस्तक सिद्ध झाले. ते १७८९ हे साल छापून प्रसिद्ध झाले, तेव्हा व्हाइट अडुसष्ट वर्षांचा होता. पहिले पुस्तक अडुसष्टाव्या वर्षी! ‘आता या वयात काय नवीन करायचे’ असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

त्याचे राहते घर, ‘द वेक्स’, आज संग्रहालय आहे. त्याची कबर मात्र शोधावी लागते. चर्चच्या उत्तर बाजूला गवतात एक साधा दगड आहे. त्यावर नावाची दोन आद्याक्षरे आणि मृत्यूची तारीख, बस्स. चर्चच्या आत त्याच्या स्मरणार्थ १९२० साली बसवलेली रंगीत काचेची खिडकी आहे. तिच्यात संत फ्रान्सिस आणि त्याच्याभोवती व्हाइटने आपल्या पुस्तकात वर्णिलेले पक्षी दाखवले आहेत. खिडकीसमोर बसून, नातवंडांबरोबर ते पक्षी मोजण्यात अर्धा तास सहज जातो.

तेवीस फूट घेराचे झाड

व्हाइटच्या पुस्तकात या आवारातील यू वृक्षाचे वर्णन आहे. त्याने झाडाचा घेर मोजला होता : तेवीस फूट. म्हणजे चार-पाच माणसांनी हातात हात घालून उभे राहिले, तरच कवेत येईल असे खोड. हा नर वृक्ष असून वसंतात त्याच्यातून परागांचे ढग उठतात, हेही त्याने टिपले आहे. यूमध्ये नर आणि मादी झाडे वेगळी असतात. मादीला लाल, मांसल फळे धरतात, नराला नाही.

यू हा सूचिपर्णी, सदाहरित वृक्ष. पाने चपटी, गर्द हिरवी, जवळजवळ काळपट. हिवाळ्यात ओक आणि बीच निष्पर्ण होऊन उभे असतात, तेव्हाही याचा हिरवा रंग ढळत नाही. ब्रिटनमधील शेकडो जुन्या चर्चच्या आवारांत यू आढळतात. ते तिथेच का लावले गेले, यावर व्हाइटनेही विचार केला होता. वाऱ्यापासून इमारतीला आडोसा, प्रार्थनेपूर्वी जमणाऱ्यांना सावली, धनुष्यासाठी लवचीक लाकूड, गुराढोरांना विषारी म्हणून कुंपणाच्या आत सुरक्षित जागा आणि मर्त्यपणाचे प्रतीक, अशी निरनिराळी कारणे लोक सांगत आले आहेत. काही ठिकाणी मात्र झाड चर्चच्याही आधीचे असावे, असे मानले जाते. तिथे झाडाजवळ चर्च आले असे म्हणावे लागेल.

सेलबर्नचा यू चर्चच्याच वयाचा असावा, असा व्हाइटचा कयास होता. पुढच्या काळात त्याचे वय सुमारे चौदाशे वर्षे असावे, असा अंदाज केला गेला. अंदाजच म्हणायचा, कारण जुन्या यूचे वय वर्तुळे मोजून काढता येत नाही. त्याच्या पोटात मोजायला वर्तुळेच उरलेली नसतात.

पोकळ, पण जिवंत

येथे यूची एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. काही शतके वाढल्यावर या झाडाचे मधले लाकूड कुजून गळू लागते आणि खोडात ढोली पडते. पाहणाऱ्याला वाटते, झाड आतून संपले. परंतु झाडाचा जीव मधल्या लाकडात नसतोच. तो सालीलगतच्या पातळ थरात असतो. अन्नरस तेथूनच वाहतो, नवे लाकूड तेथेच तयार होते. मधला गाभा गेला, तरी बाहेरचे कडे झाडाला शतकानुशतके उभे ठेवू शकते. काही यूंच्या फांद्या वाकून जमिनीला टेकतात आणि तिथे मूळ धरतात. वडाच्या पारंब्यांची आठवण व्हावी असे ते दृश्य असते. हेरफर्डशर परगण्यातील मच मार्कल या गावी तर अशा ढोलीत बाकडे बसवलेले आहे आणि येणारे-जाणारे झाडाच्या पोटात बसून विश्रांती घेतात.

स्कॉटलंडमध्ये पर्थशर परगण्यात फॉर्टिंगॉल नावाचे गाव आहे. तिथल्या चर्चच्या आवारातील यू ब्रिटनमधील अतिप्राचीन वृक्षांपैकी एक समजला जातो. त्याचे वय दोन ते तीन हजार वर्षांच्या दरम्यान सांगतात. अठराव्या शतकात त्याचा घेर मोजला गेला तेव्हा तो पन्नास फुटांहून अधिक भरला. आज त्या खोडाचे वेगवेगळे तुकडे उभे दिसतात. मधला भाग केव्हाच नाहीसा झाला. हा वृक्ष नर म्हणून नोंदलेला. परंतु २०१५ साली त्याच्या एका फांदीवर लाल फळे दिसली! एवढ्या वयाच्या झाडाची एक फांदी मादी झाली होती. वनस्पतिशास्त्रज्ञांनीही कौतुकाने त्याची नोंद घेतली.

माणूस म्हणजे झाड नव्हे, हे खरे. पण वार्धक्याविषयी बोलताना आपण हिशेब मांडतो तो नेहमी गेलेल्या गोष्टींचा : दात गेले, दृष्टी गेली, जिना चढण्याची ताकद गेली. शिल्लक काय आहे आणि ते कोठे आहे, याचा हिशेब क्वचित मांडला जातो. घरातील वृद्धाची काळजी घेणाऱ्यांनी हा दुसरा हिशेब जरूर मांडावा. स्मृतिभ्रंश झालेल्या आईला आजचा वार सांगता येणार नाही, पण लहानपणीची ओवी तिला पूर्ण येत असेल. अर्धांगवायूनंतर वडिलांचा उजवा हात हलत नसेल, पण डाव्या हाताने शेंगा सोलण्याचे काम ते मनापासून करतील. जिवंत थर जिथे आहे, तिथे पाणी घालावे.

झाड पडले तो दिवस

२५ जानेवारी १९९० रोजी ब्रिटनवर प्रचंड वादळ आले. अनेक माणसे दगावली, असंख्य झाडे उन्मळली. सेलबर्नचा यू त्याच दुपारी पडला. व्हाइटच्या मोजणीनंतरच्या दोनशे वर्षांत त्याचा घेर सव्वीस फुटांच्या आसपास गेला होता. मुळांसकट तो आडवा झाला आणि मुळांबरोबर दफनभूमीची मातीही वर आली. पुरातत्त्वज्ञांनी तो खड्डा तपासला तेव्हा झाडाच्या मुळांखाली अनेक जुनी दफने आढळली. पिढ्यान्‌पिढ्यांचे गावकरी त्या मुळांच्या कुशीत विसावले होते.

पुढे जे घडले, ते वाचताना आपल्यापैकी अनेकांना आपल्या घरातील दिवस आठवतील. गावकऱ्यांना झाड तसेच पडू देणे असह्य झाले. जाणकारांना बोलावण्यात आले. भार कमी व्हावा म्हणून फांद्यांचा पसारा छाटण्यात आला. यंत्रांच्या साहाय्याने ते अवाढव्य खोड उचलून पुन्हा त्याच खड्ड्यात उभे करण्यात आले. मग सर्वजण वाट पाहू लागले. परंतु मुळांनी पुन्हा जमीन धरली नाही. झाड गेले.

या प्रयत्नाला वेडेपणा म्हणता येणार नाही. जे करता येण्याजोगे होते ते करून पाहिले, याचे समाधान मागे राहणाऱ्यांना लागतेच. त्याचबरोबर, प्रयत्न निष्फळ ठरल्यावर गावाने जे केले तेही तितकेच महत्त्वाचे. त्यांनी खोड उपटून टाकले नाही आणि ते जिवंत असल्याचा देखावाही केला नाही. ते जिथे होते तिथेच ठेवले आणि वेलींना त्यावर चढू दिले. त्याच झाडाच्या फांदीपासून वाढवलेले एक रोप त्याच आवारात लावले.

वृद्ध आप्ताच्या अखेरच्या आजारात कुटुंबापुढे येणारा सर्वांत कठीण प्रश्न हाच असतो : कोठवर प्रयत्न करायचे आणि कोठे थांबायचे? अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर, रात्री दोन वाजता, हा प्रश्न पहिल्यांदा विचारला जातो, हे आपले दुर्दैव. ज्याच्याविषयी निर्णय घ्यायचा, तो तेव्हा बोलण्याच्या स्थितीत नसतो. एक भाऊ म्हणतो, सर्व करा. दुसरा म्हणतो, आता हाल नकोत. दोघांचेही प्रेम खरे असते, आणि तरीही त्या रात्रीचा ओरखडा पुढे कित्येक वर्षे जात नाही.

म्हणून हे बोलणे अगोदर व्हावे. आपल्याकडे त्याला कायद्याचाही आधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी दिलेल्या निर्णयात, बरे होण्याची आशा उरली नसताना केवळ यंत्रांच्या आधाराने आयुष्य लांबवू नये, अशी इच्छा आगाऊ लिहून ठेवण्याचा अधिकार मान्य केला. त्याला वैद्यकीय इच्छापत्र म्हणता येईल. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने त्याची पद्धत सोपी केली. आता सज्ञान आणि सुस्थित मनाची व्यक्ती दोन साक्षीदारांसमक्ष सही करून ते नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घेऊ शकते. आपल्या वतीने कोणी बोलावे, त्या विश्वासू नातलगांची नावे त्यात लिहिता येतात. मन बदलले तर ते केव्हाही रद्द करता येते. कागद करणे न करणे हा ज्याचा त्याचा प्रश्न. परंतु मुलांना जवळ बसवून आपली इच्छा स्पष्ट शब्दांत सांगायला कोणत्याही कागदाची गरज नाही. आणि मुलांनो, आईवडील हा विषय काढतील तेव्हा ‘असे अभद्र बोलू नका’ म्हणून त्यांचे तोंड बंद करू नका. त्यांना ऐकून घेणारे कोणीतरी हवे असते.

विष आणि औषध

यू विषारी आहे, हे व्हाइटलाही ठाऊक होते. त्याच्या फांद्या खाऊन जनावरे मेल्याचे त्याने लिहिले आहे. यूची पाने, साल, लाकूड आणि बी या सर्वांत हृदयाची गती बिघडवणारे विष असते. पाने वाळली, तरी ते नाहीसे होत नाही. लाल फळाचा गर तेवढा निर्विष, परंतु त्याच गराच्या आत विषारी बी दडलेले असते. त्यामुळे अशा आवारात नातवंडे बरोबर असतील, तर फळे तोंडात घालू देऊ नयेत. तसे घडलेच, तर लक्षणांची वाट न पाहता ताबडतोब वैद्यकीय मदत घ्यावी. ब्रिटनमध्ये त्यासाठी ९९९ हा क्रमांक आहे. स्मृतिभ्रंश असलेल्या ज्येष्ठांच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावी.

याच कुळातील झाडाने वैद्यकशास्त्राला कर्करोगावरचे एक मोठे औषध दिले. १९६२ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील रानांतून तिथल्या यूची साल तपासणीसाठी गोळा करण्यात आली. उत्तर कॅरोलिनातील एका संशोधन संस्थेत मन्‌रो वॉल आणि मनसुख वाणी या दोन रसायनशास्त्रज्ञांनी त्या सालीतून कर्करोगाच्या पेशी मारणारे द्रव्य वेगळे काढले आणि १९७१ साली त्याची रचना प्रसिद्ध केली. ते द्रव्य म्हणजे टॅक्सॉल, आजचे पॅक्लिटॅक्सेल. मराठी वाचकाला अभिमान वाटावा अशी गोष्ट ही की, मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ साली नंदुरबारचा, आणि त्यांचे रसायनशास्त्राचे शिक्षण मुंबई विद्यापीठातले. २०२० साली, पंचाण्णवाव्या वर्षी, ते अमेरिकेत निवर्तले.

हे द्रव्य काम कसे करते, याचा उलगडा १९७९ साली सुझन हॉर्विट्झ यांनी केला. पेशी दुभंगताना तिच्या आत बारीक नळ्यांची परांची उभी राहते आणि काम होताच मोडली जाते. टॅक्सॉल ती परांची मोडूच देत नाही. त्यामुळे पेशीचे विभाजन अडते आणि ती मरते. १९९२ साली अमेरिकेत अंडाशयाच्या कर्करोगासाठी त्याला मान्यता मिळाली. पुढे स्तनाच्या आणि फुप्फुसाच्या कर्करोगातही ते वापरले जाऊ लागले. प्रारंभी त्यासाठी झाडांची साल काढावी लागे आणि साल काढली की झाड मरे. नंतर शास्त्रज्ञांनी युरोपीय यूच्या पानांतील द्रव्यापासून औषध बनवण्याची रीत शोधली. पाने छाटली, तरी झाड पुन्हा फुटते. ब्रिटनमधील बागांतल्या यूच्या कुंपणांची छाटणीही या कामासाठी गोळा केली जाऊ लागली. फ्रान्समध्ये याच वाटेने डोसिटॅक्सेल हे दुसरे औषध निघाले.

आपल्या घरात कोणाला ही औषधे सुरू असतील, तर दोन गोष्टी लक्षात असू द्याव्यात. या औषधांनी हातापायांच्या बोटांना मुंग्या येणे किंवा बधिरपणा येणे संभवते. रुग्ण ‘वयामुळे होत असेल’ म्हणून ते सांगत नाही. पावले बधिर झाली की तोल जातो, चप्पल पायातून निसटलेली कळत नाही आणि वृद्ध माणूस पडतो. म्हणून मुंग्यांची तक्रार पुढच्या भेटीत डॉक्टरांना अवश्य सांगावी आणि घरात रात्री मंद दिवा, न्हाणीघरात आधाराची दांडी, पायात मागे पट्टा असलेली पादत्राणे अशी व्यवस्था करावी. दुसरी गोष्ट : यूपासून औषध होते म्हणून यूची पाने किंवा साल उकळून पिणे हा उपचार नव्हे, तो विषप्रयोग ठरेल. आपल्या हिमालयातही यू आहे, गढवालात त्याला थुनेर म्हणतात. त्याची पाने काही बाजारांत तालीसपत्राच्या नावाखालीही विकली जातात. खरे तालीसपत्र मात्र दुसऱ्या सूचिपर्णी झाडाचे. म्हणून असे काष्ठौषध ऐकीव माहितीवर आणू नये. जाणत्या वैद्याला विचारूनच घ्यावे आणि आपल्या डॉक्टरांपासून ते लपवू नये. साल-पानांच्या बेसुमार तोडीमुळे हा हिमालयी वृक्ष आज दुर्मीळ झाला आहे, हेही ध्यानात असावे.

दोन वाटा आणि एक कासव

यूच्या खोडापासून नजर वर केली की हँगरचा उतार दिसतो. १७५३ साली, तेहतीस वर्षांचा असताना, व्हाइटने आपल्या भावाच्या साहाय्याने या उतारावर नागमोडी वाट खोदली. सरळ चढ छातीवर येतो; वळणावळणाने गेले की श्वास सांभाळता येतो. ती वाट आजही वापरात आहे. १७८० साली, व्हाइट साठीला टेकला असताना, त्याच टेकडीवर ‘बॉस्टल’ नावाची दुसरी वाट तयार झाली. ती लांब आहे, पण तिचा चढ सौम्य आहे. टेकडी तीच राहिली. वयाबरोबर वाट तेवढी बदलली. आपल्यापैकी कितीजण चढ जमत नाही म्हणून फिरणेच सोडून देतात! अर्ध्या तासाची वाट पाऊण तासात, दोन ठिकाणी बसत, काठी टेकत पूर्ण केली, तर त्यात कमीपणा कसला?

त्याच १७८० साली व्हाइटच्या घरी एक पाहुणा आला : टिमथी नावाचे कासव. मावशी-आत्यांच्या पिढीतील एका नातलग वृद्धेने ते अनेक वर्षे सांभाळले होते. तिच्या पश्चात व्हाइटने ते आपल्या बागेत आणले. कासव केव्हा मातीत शिरते, केव्हा बाहेर येते, पावसाच्या थेंबाला कसे भिते, उन्हासाठी भिंतीच्या कडेला कसे रेलते, हे सारे तो टिपून ठेवी. कासव त्याच्याहून वर्षभर अधिक जगले. त्याची पाठ लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. तपासणीत पुढे असे आढळले की टिमथी मादी होती!

व्हाइटला मधूनमधून बहिरेपणाचा त्रास होई. पक्ष्यांच्या आवाजावर ज्याचे अर्धे काम अवलंबून, त्याला हे किती जड गेले असेल! तशा दिवसांत वसंत ऋतू त्याच्यापुढून मुक्याने निघून जाई. त्याच्या काळी उपाय नव्हता; आज तपासणी आहे, श्रवणयंत्र आहे. कमी ऐकू येणारी माणसे हळूहळू बोलणे टाळू लागतात आणि घरात असूनही एकटी पडतात. यंत्र खणात ठेवून देण्याऐवजी, सवय होईपर्यंत थोडा थोडा वेळ लावून पाहावे.

जाण्यापूर्वी

मे ते सप्टेंबर हा काळ जाण्यास उत्तम. यूचे पराग वसंताच्या आरंभी उडतात. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी ते दिवस टाळावेत. उन्हाळ्यातही अंगावर स्वेटर आणि पिशवीत छत्री असावी. आवारातील गवत दव-पावसाने ओले आणि जमीन थडग्यांमुळे उंचसखल असते. म्हणून घट्ट पकडीचे बूट घालावेत, काठी जवळ ठेवावी आणि शक्यतो आखलेल्या पायवाटेवरून चालावे. चाकांची खुर्ची लागत असेल, तर निघण्यापूर्वी संग्रहालयात चौकशी करावी. नेहमीची औषधे, पाण्याची बाटली आणि मुलांच्या दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी खिशात असावी. हँगर चढलाच पाहिजे असे नाही. खालच्या मैदानावरूनही तो छान दिसतो.

दफनभूमीत थोडा वेळ निवांत बसावे. बरोबरची मंडळी पुढे गेली तरी जाऊ द्यावीत. समोर जुने खोड आहे. वठलेले, करडे, वेलींनी वेढलेले. त्याच्याच फांदीपासून झालेले रोपही याच आवारात आहे. ते अजून बारीक आहे आणि ते महावृक्ष झालेले पाहायला आपण नसणार, आपली नातवंडेही नसणार. तरी गावाने ते लावले, आणि पाणी घातले.